गुरुजींसाठी सबटायटलची डीव्हीडी : एका कामाचा पूर्ण वृत्तांत

हे काम माझ्याकडे आलं तेव्हा दोन डीव्हीडी आधीच फुकट गेल्या होत्या. पहिली प्लेअरमध्ये सुरूच होत नव्हती. दुसरी सुरू व्हायची, चित्र आणि आवाजही ठीक होते, पण खाली येणारी मराठी अक्षरं इतकी फुटलेली होती की ज्यांच्यासाठी ती टाकली होती त्यांनीच ती बंद करायला लावली. ते होते जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मुख्याध्यापक. आयुष्यभर मुलांच्या वेलांट्या सुधारलेल्या माणसाला 'विठ्ठल' शब्दातली वेलांटी 'व'च्या उजव्या बाजूला लटकलेली दिसत होती, आणि 'ठ्ठ'मधला पहिला 'ठ' पाय मोडून दुसऱ्याच्या शेजारी सुटा उभा होता.

मी नाशिकमध्ये लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग करतो, जुन्या कॅसेट डीव्हीडीवर उतरवून देतो. दुसऱ्याने अर्धवट केलेली कामं पुरी करायला येतात, तसंच हेही आलं. पण यात एकेक करून इतक्या गाठी निघाल्या की सगळं सविस्तर लिहून ठेवावंसं वाटलं. घरातल्या एखाद्या ज्येष्ठासाठी कुणाला असं काम करायचं असेल, तर त्याला हे उपयोगी पडेल.

काम काय होतं

गुरुजी पंचवटीत जुन्या घरात राहतात. दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं. श्रवणयंत्र आहे, एकजण समोर बसून बोलत असेल तर त्याचा उपयोग होतो, पण मंगल कार्यालयाच्या घुमणाऱ्या हॉलमध्ये नाही. त्यांचं सहस्रचंद्रदर्शन गंगापूर रोडवरच्या एका कार्यालयात झालं. भाऊ, बहीण, जुने विद्यार्थी, सोबत नोकरी केलेले शिक्षक असे बरेच जण बोलले. गुरुजी फेटा बांधून व्यासपीठावर बसले होते आणि सगळ्यांकडे बघून मान हलवत होते. त्यांना त्यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं, हे घरी आल्यावर मोठ्या मुलीच्या, म्हणजे ताईंच्या, लक्षात आलं.

त्यांच्या नातवाने मग शूटिंग बघत बघत सगळी भाषणं फोनवर टाईप केली. वेळांसकट सबटायटलची फाइल तयार केली. मन लावून केलेलं काम होतं ते. पुढे डीव्हीडी करून घ्यायची एवढंच राहिलं होतं.

डीव्हीडीच का, असं मीही विचारलं. गुरुजींच्या मुलाच्या इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये मोठा स्मार्ट टीव्ही आहे, त्यावर पेनड्राइव्ह लावला की झालं. ताईंचं उत्तर मला पटलं. गुरुजींच्या खोलीत पिक्चर ट्यूबचा टीव्ही आहे आणि त्याला तीन रंगांच्या पिनांनी डीव्हीडी प्लेअर जोडलेला आहे. तो ते स्वतः लावतात, स्वतः थांबवतात, मागे नेतात. दुपारी घरात कुणी नसताना त्यांना आपल्या सोयीने बघता आलं पाहिजे. मुलाच्या घरी जाऊन, कुणीतरी लावून देणार आणि सगळ्यांसमोर बसून बघायचं, यात ती मोकळीक नाही. जो माणूस बघणार त्याच्या हाताला सवयीचं जे यंत्र आहे, त्यावर काम चाललं पाहिजे. म्हणून डीव्हीडी.

पहिली डीव्हीडी का चालली नाही

कारण ती व्हिडिओ डीव्हीडी नव्हतीच. शूटिंगवाल्याने दिलेली एमपी४ फाइल कुणीतरी जशीच्या तशी ब्लँक डीव्हीडीवर कॉपी केली होती. कॉम्प्युटरवर ती छान चालायची, त्यामुळे देणाऱ्याला शंकाही आली नाही.

डीव्हीडी प्लेअर १९९६ मध्ये बाजारात आले, आणि त्यांना फक्त त्या काळी ठरलेली मांडणी कळते. चित्र एमपेग-२ या जुन्या पद्धतीत साठवलेलं हवं. आपल्याकडे टीव्हीची पाल पद्धत आहे, म्हणजे ७२० बाय ५७६ ठिपके आणि सेकंदाला २५ फ्रेम. आवाज डॉल्बी डिजिटल, एमपी२ किंवा पीसीएम, ४८ किलोहर्ट्झचा. हे सगळं 'व्हिडिओ_टीएस' नावाच्या फोल्डरात, ठरावीक नावांच्या व्हीओबी आणि आयएफओ फाइल्समध्ये बसवलेलं असावं लागतं. आजच्या एमपी४ मध्ये चित्र बहुतेक वेळा एच.२६४ या नव्या पद्धतीत असतं. ते २००३ साली आलं. गुरुजींच्या साध्या प्लेअरला ते ठाऊक असण्याचं कारण नाही. यूएसबीची खाच असलेले काही प्लेअर जुन्या पद्धतीच्या एव्हीआय फाइल्स वाचतात, पण त्यांनाही युनिकोडमधले, म्हणजे सगळ्या भाषांची अक्षरं साठवायच्या आजच्या सामाईक पद्धतीतले, मराठी सबटायटल सहसा दाखवता येत नाहीत.

दुसरीतली अक्षरं का फुटली

या कामाचा गाभा इथेच आहे.

नातवाने केलेली एसआरटी फाइल म्हणजे साधा मजकूर असतो. अमुक वेळेपासून तमुक वेळेपर्यंत हे वाक्य, इतकंच त्यात लिहिलेलं. डीव्हीडीत मात्र सबटायटल मजकूर म्हणून जातच नाही. प्रत्येक वाक्याचं एक छोटं चित्र काढून ते व्हिडिओवर ठेवलं जातं. फळ्यावर लिहिण्याऐवजी लिहिलेल्या फळ्याचा फोटो लावावा, तसं. त्यामुळे प्लेअरला मराठी येते की नाही, त्यात मराठी फॉन्ट आहे की नाही, याचा काही संबंध उरत नाही. चित्र नीट काढलं असेल तर वीस वर्षांपूर्वीचा प्लेअरसुद्धा शुद्ध मराठी दाखवतो. डीव्हीडीची ही बाजू मला फार मोलाची वाटते. नव्या यंत्रांपेक्षा इथे मराठीची अडचण कमी आहे.

पण मग चित्र काढणाऱ्या प्रोग्रामला देवनागरी यायला हवी. युनिकोडमध्ये 'वि' साठवताना आधी 'व' आणि मग वेलांटी साठवली जाते. वेलांटी डावीकडे आणून बसवण्याचं काम अक्षरं जुळवणारं इंजिन करतं. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवणं, पाय मोडलेलं अक्षर पुढच्याशी जोडून जोडाक्षर करणं, हेही तेच करतं. फायरफॉक्समध्ये, अँड्रॉइड फोनमध्ये, लिब्रेऑफिसमध्ये हे काम हार्फबझ नावाचं मुक्त इंजिन करतं. दुसरी डीव्हीडी ज्या प्रोग्रामने केली होती त्यात असं इंजिन नव्हतं. त्याने एसआरटीमधलं एकेक चिन्ह उचललं आणि साठवलेल्या क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडत गेला. इंग्रजीत याने काही बिघडत नाही. मराठीत सगळंच बिघडतं.

मोडलेल्या सबटायटलकडे बघून दोष कुठे आहे ते बहुतेक वेळा ओळखता येतं. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसले तर निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. फॉन्ट बदला, काम होतं. प्रश्नचिन्हांची रांग दिसली तर फाइल कुठेतरी युनिकोड सोडून दुसऱ्या पद्धतीत सेव्ह झाली आहे. त्या प्रतीतून मजकूर परत मिळत नाही, मूळ फाइलच आणावी लागते. वेलांट्या भलतीकडे आणि जोडाक्षरं सुटी दिसली तर मजकूर आणि फॉन्ट दोन्ही ठीक आहेत, चित्र काढणारा प्रोग्राम बदलायला हवा. आमचं दुखणं तिसरं होतं.

त्यात एक बारीक चौथं दुखणं लपलेलं होतं, ते ताईंना दिसलं. 'दुसऱ्या', 'बऱ्याच', 'ब्रह्मगिरीच्या दऱ्या' अशा ठिकाणी 'दुसर्या', 'बर्याच', 'दर्या' असं झालं होतं. हा 'ऱ्य' दोन प्रकारांनी टाईप होतो. एका प्रकारात युनिकोडमधला खास 'ऱ' वापरतात. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह येतं. काही प्रोग्राम 'साफसफाई' करताना न दिसणारी चिन्हं काढून टाकतात. मग 'र'चा रफार होतो आणि दऱ्यांचा दर्या होतो. उपाय साधा आहे. फाइलमध्ये शोधून सगळीकडे खास 'ऱ'वालं रूप घालायचं, म्हणजे कुणी कितीही साफसफाई केली तरी ते टिकतं. ते मी आधीच करून घेतलं.

एका जुन्या विद्यार्थ्याने आपलं भाषण टाईप करून पाठवलं होतं, तेही डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये. पडद्यावर ते मराठी दिसतं, पण आत युनिकोड नसतं, त्यामुळे एसआरटीत चिकटवल्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता काला झाला. ते कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घेतलं आणि ओळ न् ओळ वाचून तपासलं. कन्व्हर्टर जोडाक्षरांत चुकतात, वाचल्याशिवाय पर्याय नाही.

वेळा

नातवाची फाइल अंतिम व्हिडिओवर लावून पाहिली. सुरुवातीची वाक्यं अगदी ओठांबरोबर येत होती. मधली उशिरा येत होती, शेवटचीही उशिराच. किती उशिरा ते दोन्ही ठिकाणी मोजलं, तर ४२ सेकंद, दोन्हीकडे तेवढंच.

असं मोजून बघणं फार कामाचं आहे. फरक सगळीकडे सारखा असेल तर व्हिडिओतून कुठेतरी तुकडा काढला किंवा घातला गेला आहे. फरक हळूहळू वाढत जात असेल तर व्हिडिओची गतीच बदलली आहे. सेकंदाला २३.९७६ फ्रेमचा सिनेमा २५ फ्रेमवर पळवला की एका तासाचा साडेसत्तावन्न मिनिटांत संपतो. तिथे सगळ्या वेळा एकाच प्रमाणात आखडाव्या लागतात, पुढे-मागे सरकवून भागत नाही. आमच्याकडे पहिला प्रकार होता. नातवाने कच्च्या प्रतीवर काम केलं होतं आणि नंतर शूटिंगवाल्याने पंगतीचा ४२ सेकंदांचा भाग कापला होता. त्या जागेनंतरच्या सगळ्या ओळी निवडून ४२ सेकंद अलीकडे ओढल्या, आणि जमलं.

एक जागा मात्र तरीही खटकत होती. गुरुजींचे दिंडोरीचे धाकटे भाऊ बोलले तेव्हा मुख्य कॅमेऱ्यापुढे माणसं उभी होती, म्हणून तेवढा भाग एका पुतण्याच्या फोनवरच्या शूटिंगमधून घेतलेला. फोन सेकंदाला नेहमी तितक्याच फ्रेम घेत नाही, उजेडाप्रमाणे कमी-जास्त करतो. ते नीट न सांभाळता २५ फ्रेमच्या व्हिडिओत टाकल्यामुळे बोलणं ओठांच्या पुढे पळत होतं. ऐकणाऱ्याच्या हे फारसं लक्षात आलं नसतं. गुरुजी ओठ वाचतात. समोरच्याचे ओठ आणि खालची अक्षरं जुळली नाहीत तर त्यांची दोन्हींवरून नजर उडते. म्हणून पुतण्याकडून मूळ क्लिप मागवली. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठव असं सांगितलं, नाहीतर ती दाबून लहान होऊन येते. ती आधी स्थिर २५ फ्रेमची करून घेतली आणि मगच जुन्या तुकड्याच्या जागी बसवली.

अक्षर कसं दिसावं

डीव्हीडीच्या एका सबटायटल-चित्रात फक्त चार रंग चालतात, आणि त्यातला एक पारदर्शक असावा लागतो. उरले तीन. एक अक्षराचा, एक कडेचा, आणि एक मधला राखाडी, म्हणजे वळणं करवतीसारखी दिसत नाहीत. आधीच्या डीव्हीडीवर पिवळी अक्षरं होती. मागे व्यासपीठभर झेंडूच्या माळा. काय वाचणार?

ट्यूबच्या टीव्हीवर देवनागरीची आणखी एक खोड निघते, जी कॉम्प्युटरवर कधीच दिसत नाही. हा टीव्ही चित्र एकाआड एक ओळींनी रंगवतो, आधी विषम ओळी आणि मग सम. एकाच ओळीत मावणारी बारीक आडवी रेघ असेल तर ती सेकंदाला २५ वेळाच उमटते आणि थरथरते. इंग्रजी अक्षरांत अशा लांब आडव्या रेघा नसतात. आपल्या प्रत्येक शब्दावर शिरोरेषा आहे. बारीक फॉन्ट घेतला की सगळी ओळ डोक्यावर थरथरत राहते आणि वय झालेल्या डोळ्यांना दोन मिनिटांत त्रास होतो. त्यामुळे शिरोरेषा निदान तीन ठिपके जाड भरेल असा फॉन्ट आणि आकार घेतला. नोटो सान्स देवनागरी आणि मुक्ता हे दोन्ही फुकट मिळणारे फॉन्ट लावून पाहिले, आणि मुक्ताचा जाडसर अवतार ठेवला. त्याच्या मात्रा मोकळ्या आहेत, उकार स्पष्ट आहेत. दोन ओळींमधलं अंतर इंग्रजीसाठी ठेवतात त्यापेक्षा वाढवलं, नाहीतर वरच्या ओळीतला 'तू'चा उकार खालच्या 'कै'च्या मात्रांत घुसतो.

त्यानंतर एक निर्णय घेतला, ज्याचं मला आजही समाधान आहे. गुरुजींच्या टीव्हीचं रुंदी-उंचीचं प्रमाण ४:३, व्हिडिओचं १६:९. असा व्हिडिओ त्या टीव्हीवर पूर्ण रुंदीत बसवला की ५७६ पैकी ४३२ ओळी चित्राच्या होतात आणि १४४ ओळी काळ्या उरतात, नेहमी निम्म्या वर, निम्म्या खाली. मी चित्र वर सरकवलं. वर फक्त २४ ओळी ठेवल्या, खाली १२०. सबटायटल त्या खालच्या काळ्या पट्टीत. ट्यूबचे टीव्ही कडेचा थोडा भाग झाकतात, म्हणून तळाच्या ३० ओळी रिकाम्या सोडल्या. उरलेल्या ९० ओळींत जाड अक्षरांच्या दोन ओळी आरामात मावल्या. अक्षरं सरळ काळ्यावर पांढरी, मागे झेंडू नाही, फेटे नाहीत, आणि कुणाचं तोंडही झाकलं जात नाही. ओठ वाचणाऱ्यासाठी हे फार महत्त्वाचं होतं.

अशी मांडणी नव्या रुंद टीव्हीवर चारी बाजूंनी आक्रसलेली दिसते. म्हणून भावंडांकडे द्यायच्या प्रती वेगळ्या केल्या, १६:९ च्या, सबटायटल चित्रावरच, पांढऱ्याला जाड काळी कड लावून.

चित्रं काढायला सबटायटल एडिट हा फुकट मिळणारा प्रोग्राम वापरला. विंडोजवर तो देवनागरी नीट जोडून प्रत्येक ओळीचं वेगळं चित्र आणि वेळांची यादी काढून देतो. काढलेली सगळी चित्रं मी एकेक करून डोळ्यांखालून घातली. कंटाळवाणं आहे, पण गुरुजींनी पुन्हा एकदा मोडकी वेलांटी बघावी हे मला नको होतं. ती चित्रं डीव्हीडी-ऑथर या मुक्त संचातल्या साधनाने व्हिडिओत गुंफली.

मजकूर, आणि एक वाक्य

ऐकू येणाऱ्यासाठी केलेले सबटायटल आणि ऐकू न येणाऱ्यासाठी केलेले सबटायटल यांत फरक असतो. नातवाच्या फाइलमध्ये फक्त वाक्यं होती. कोण बोलतंय हे कॅमेरा दुसरीकडे असताना कळत नव्हतं. आम्ही 'येवल्याची आत्या:', 'दिंडोरीचे काका:' अशी नावं जोडली. टाळ्या, हशा, औक्षणाच्या वेळचं गाणं, मागून कुणीतरी मारलेली हाक, हेही कंसात लिहिलं. सगळे एकदम का हसले हे न कळणं बहिऱ्या माणसाला फार एकटं पाडतं.

वाचायला वेळ पुरतो का, हे प्रोग्राम सेकंदाला किती अक्षरं येतात ते मोजून सांगतो. मराठीत तो इशारा जसाच्या तसा धरू नये. तो प्रत्येक काना, मात्रा, हलन्त वेगळं चिन्ह म्हणून मोजतो. 'शिक्षकांनी' आपण चार अक्षरांत वाचतो, त्याच्या हिशेबी ती दहा होतात. तो लाल रंग दाखवत राहतो आणि घाबरून माणूस वाक्यं कापायला लागतो. आम्ही कापली नाहीत. मोठ्याने वाचून पाहिलं, जिथे दम लागला तिथे ओळ फोडली.

मग दिंडोरीच्या काकांचं भाषण आलं. शेवटी ते म्हणतात, "वाटणीच्या वेळी मी दादाला लागेल असं बोललो होतो. आज सगळ्यांसमोर माफी मागतो." कार्यालयात ते सगळ्यांनी ऐकलं होतं, गुरुजी सोडून. ते तेव्हा भावाकडे बघून हसले होते.

ताईंनी विचारलं, "हे वाक्य गाळू या का? अण्णांना जुनं सगळं आठवेल, त्यांना बीपीचा त्रास आहे."

त्यांची काळजी खरी होती. तरी मी सांगितलं की गाळू नये. हॉलमधल्या प्रत्येकाला जे ऐकू आलं ते गुरुजींना वाचता आलं पाहिजे. आपण निवडून दिलेलंच त्यांनी वाचावं असं झालं, तर सबटायटल त्यांच्या कानांची जागा घेणार नाही, घरच्यांच्या मर्जीची घेईल. शिवाय माफी त्यांचीच मागितली होती, ती त्यांच्यापर्यंत पोचवायची की नाही हे ठरवणारे आपण कोण? ताईंनी एक दिवस विचार केला, काकांशीही बोलल्या. काका म्हणाले, "मी दादासाठीच बोललो होतो. त्याला कळलं नसेल तर बोलून उपयोग काय?" वाक्य राहिलं.

हिशेब आणि राइटिंग

व्हिडिओ ११० मिनिटांचा. एकथरी डीव्हीडीवर ४.७ जीबी मावतं. कॉम्प्युटर तेच ४.३७ दाखवतो, कारण त्याची मोजायची पद्धत वेगळी आहे, त्यात काही कमी झालेलं नसतं. ४.७ जीबी म्हणजे ३,७६० कोटी बिट. त्यांना ६,६०० सेकंदांनी भागलं की सेकंदाला साधारण ५.७ मेगाबिट येतात. तेवढे सगळे वापरायचे नाहीत. डीव्हीडी काठापर्यंत भरली की जुने प्लेअर शेवटच्या भागात अडखळतात, कारण राइटिंग आतून सुरू होऊन बाहेरच्या काठाकडे जातं आणि काठच आधी खराब होतो. चित्राला सरासरी ५ मेगाबिट दिले, आवाज डॉल्बी डिजिटलमध्ये १९२ किलोबिटचा ठेवला. सगळं मिळून ४.४ जीबीच्या आत बसलं. चित्राचा कमाल वेग मानकाप्रमाणे ९.८ मेगाबिटपर्यंत चालतो, पण घरी राइट केलेल्या डीव्हीडीला ८ च्या वर नेऊ नये असं माझं मत आहे. एफएफएमपेग या व्हिडिओ रूपांतर करणाऱ्या प्रोग्राममध्ये पाल डीव्हीडीची तयार मांडणी आहे, तीवर हे आकडे घालून दोन फेऱ्यांत रूपांतर केलं. पहिल्या फेरीत प्रोग्राम फक्त बघून ठेवतो कुठे हालचाल जास्त आहे, दुसरीत बिट त्याप्रमाणे वाटतो.

सबटायटल आपोआप सुरू व्हावेत अशी सूचना डीव्हीडीतच लिहिता येते. डीव्हीडी-ऑथरमध्ये सबटायटलचा आकडा ६४ दिला की पहिला ट्रॅक सुरू होऊनच येतो. नुसता ० दिला तर ट्रॅक निवडला जातो पण दिसत नाही. गुरुजींना रिमोटवर बटण शोधत बसावं लागू नये म्हणून ते केलं.

पहिली प्रत पुसता येणाऱ्या डीव्हीडी-आरडब्ल्यूवर काढली आणि पंचवटीत त्यांच्याच प्लेअरवर, त्यांच्याच टीव्हीवर लावून बघितली. कॉम्प्युटरवर सगळं ठीक दिसत असतं, पण टीव्ही काय झाकतो आणि काय थरथरवतो ते तिथेच कळतं. खालच्या कडेला एक उकार जरा कापला जात होता. सगळी चित्रं थोडी वर घेतली. पक्क्या प्रती डीव्हीडी-आरवर ४ च्या वेगाने राइट केल्या, फायनलाइज केल्या, म्हणजे प्लेअरना वाचता याव्यात म्हणून राइटिंग बंद करून टाकलं, आणि राइट झाल्यावर तपासून घेतल्या. वर चिकटणारं लेबल लावलं नाही. ते असमान चिकटलं तर डीव्हीडी फिरताना डुलते. नाव पाण्याच्या शाईच्या मार्करने लिहिलं. ब्लँक डीव्हीडी आता एम. जी. रोडवरही पूर्वीसारख्या सहज मिळत नाहीत. मिळतात तेव्हा बंद पाकिटातल्याच घ्याव्यात.

त्यानंतर

गुरुजींनी डीव्हीडी पाहिली आणि दोन दिवसांनी ताईंबरोबर एक फुलस्केप कागद पाठवला. त्यावर लाल शाईत दुरुस्त्या होत्या. पेठ तालुक्यातल्या एका पाड्याचं नाव नातवाने चुकीचं लिहिलं होतं. एका विद्यार्थ्याचा सन चुकला होता. आणि एके ठिकाणी त्यांनी लिहिलं होतं की येवल्याची बहीण असं पुस्तकी बोलत नाही, तिच्या ओठांवर वेगळे शब्द दिसतात, तेच लिहावेत. आम्ही मूळ आवाज पुन्हा ऐकला. त्यांचं बरोबर होतं. नातवाने टाईप करताना आत्याआजीची बोली सरळ करून टाकली होती. ती जशी होती तशी परत घातली.

काकांच्या वाक्याबद्दल कागदावर काही नव्हतं. ताई म्हणाल्या की त्या जागी त्यांनी डीव्हीडी मागे नेऊन पुन्हा लावली, आणि संध्याकाळी दिंडोरीला फोन लावून द्यायला सांगितलं. फोनवर त्यांना ऐकू येत नाही, म्हणून काका दुसऱ्या दिवशी स्वतःच आले.

दुरुस्त्या घालून नव्या प्रती काढल्या. १६:९ च्या प्रतीवर दुसरा ट्रॅक इंग्रजीचा टाकला. नातसून केरळची आहे, तिच्या आईवडिलांनाही बघायचं होतं. डीव्हीडीवर सबटायटलचे ३२ ट्रॅक बसतात आणि चित्रं अगदी कमी जागा घेतात, त्यामुळे त्याने आकारात फरक पडला नाही.

येवल्याच्या आत्यांकडची प्रत मात्र त्यांच्या प्लेअरने घेतली नाही. 'नो डिस्क' असं येत राहिलं. तीच डीव्हीडी इथे तीन प्लेअरवर चालत होती. लेन्स म्हातारी झाली की प्लेअर ठरावीक रंगाच्या थराच्या डीव्हीडीच वाचतो, बाकीच्या नाकारतो. दुसऱ्या कंपनीच्या डीव्हीडी-आरवर तीच प्रतिमा-फाइल, म्हणजे आख्ख्या डीव्हीडीची एका फाइलमधली हुबेहूब प्रत, राइट करून पाठवली, ती लागली. मग दोन्ही मांडण्यांच्या प्रतिमा-फाइल्स, दुरुस्त केलेल्या मराठी आणि इंग्रजी एसआरटी, सबटायटलची सगळी चित्रं आणि मूळ एमपी४ एका पेनड्राइव्हवर घालून तो ताईंकडे दिला.